वहीशेजारची जागा

माझा एक पाय बाकीच्या तिन्हींपेक्षा तीन मिलिमीटर आखूड आहे. त्यामुळे माझ्यावर बसणारा माणूस किंचित डावीकडे कलतो.

मित्रांनो, मी एक जुने, गुडघ्याएवढे लाकडी स्टूल आहे. शाळेच्या सुताराने मला प्रयोगशाळेतल्या उंच कपाटासाठी बनवले. बारा वर्षे लोक माझ्यावर नुसते उभे राहिले. बसले कोणीच नाही.

तेव्हा गणिताच्या बाई रोज दोन पिशव्या भरून वह्या घरी नेत. तपासून परत द्यायला आठ दिवस लागत. कंसाबाहेर उणे चिन्ह असेल, तर आतली सगळी चिन्हे बदलतात. वर्गातली एक मुलगी फक्त पहिलेच बदलायची. ती फार वाद घाली, म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत. वही परत मिळाली, तेव्हा तिची वीसच्या वीस गणिते चुकलेली होती.

"बाई, पहिल्या गणितालाच का नाही सांगितलंत? आता हाताला तीच सवय लागली ना!"

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उचलून वर्गात आणले आणि तास चालू असतानाच त्या वकीलबाईशेजारी बसल्या. दुसऱ्या गणितावर त्यांचे बोट थांबले.

"हे चिन्ह कसं आलं?"

"कसं म्हणजे... अय्या! बदललंच नाही की मी!"

तिसरे गणित बरोबर आले, चौथेही. मागून ओरड झाली, "बाई, आता स्टूल इकडे! ते काय कायमचं तिचंच आहे का?"

त्या तासाला मी चौदा जागा फिरले. माझ्या खरखराटाची शेजारच्या वर्गातून तक्रार आली, तेव्हा शिपाईकाकांनी माझ्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले. केवढा तो थाट!

पिशव्या मात्र सुटल्या नाहीत. वह्यांत लाल खुणा नसल्या, तर बाई काम करत नाहीत असे मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर म्हणतील, ही धास्ती होती. "आता वह्या घरी न्यायची गरज नाही, हे सरांना सांगायलाच हवं," असे बाई दर शनिवारी शिपाईकाकांना म्हणत. सोमवारी पुन्हा पिशव्या.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. मला पावसात टाकू नका. आणि कोणी शेजारी येऊन बसले, तर हाताने वही झाकू नका.

एकदा बाई माझ्यावर बसून शिकवत असतानाच मोठे सर तासाला आले. त्यांनी वकीलबाईची वही उघडली. आजचे पान होते.

"बाई, लाल शाई कुठे दिसत नाही?"

"सर, चूक झाली की बाई लगेच इथं येतात," वकीलबाई म्हणाली. "मीच खोडून नीट करते. मग लाल करायला उरतंच काय?"

सरांनी फळ्यावर एक लांबलचक कंस लिहिला. तिने तो दोन मिनिटांत सोडवला, एकही चिन्ह न चुकवता.

बाई माझ्यावरून उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच, साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सर, उद्यापासून मी वह्या घरी नेणार नाही."