रंगूबाईचं दार

मी फळा बोलतोय. वाचनालयात येणारे-जाणारे मला फळाच म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. पण नीट बघितलंत तर माझ्या एका अंगाला कडीची भोकं दिसतील. मी मुळात दार आहे, आंब्याच्या लाकडाचं. ज्यानं माझा फळा केला त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो भाऊसोवर, आणि तो मी लपवणार नाही.

सांगलीच्या अलीकडं, कृष्णाकाठच्या एका गावात रंगूबाईचं घर. नवरा लवकर गेला, पदरात एकच पोरगा, आकाराम. पोराच्या हातात कला होती. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, अख्ख्या गावाच्या बैलांची शिंगं तोच रंगवायचा, आणि त्यानं रंगवलेला बैल मिरवणुकीत लांबूनसुद्धा ओळखू यायचा.

एकेचाळीस साली गावात वाचनालय निघालं. पुस्तकं आली, पण फळ्याचं काही जमेना. लढाईमुळं लाकडापासून रॉकेलपर्यंत सगळ्याचीच टंचाई. तर या पठ्ठ्यानं मला चौकटीतून उचललं, कोळशाची पूड डिंकात खलून माझ्यावर काळे हात मारले आणि मला वाचनालयाच्या भिंतीला टांगलं.

"आरं, घराला दार नगं का?" रंगूबाई म्हणाली.

"आई, आपल्यात चोरानं न्यावं असं हाय काय? तवर तरट लाव. फौजेतनं परत आलो की सागवानी दार बसवतो."

साताऱ्याला जाऊन त्यानं भरतीत नाव दिलं होतं. जाईपर्यंत मात्र माझ्यावर त्याचाच खडू चालला. कुणा चित्रकाराचा, गवयाचा, विचारवंताचा जन्मदिवस आला की आकाराम वर नाव लिहायचा, खाली त्या माणसाचं एखादं वचन, आणि कोपऱ्यात त्याचा चेहरा. चेहरा पुस्तकातला असला तरी मिशा आमच्या गावच्या असायच्या. लोक मिशा बघायला यायचे आणि वचन वाचून जायचे.

तो गेला आणि खडू भाऊसोच्या हातात आला. भाऊसो म्हणजे वाचनालयाचा चिटणीस. परमुलखातली अवघड नावं माझ्यावर लिहायची आणि साताऱ्याहून कुणी साहेब आला की त्याला माझ्यासमोर उभं करायचं, हा याचा धंदा. ती नावं त्याला स्वतःला धड उच्चारता येत नसत. फडकं इतकं घाण वापरायचा की कालच्या विचारवंताची शेपटी आजच्याच्या डोक्यावर राहायची. मला त्याचा हातसुद्धा नको वाटायचा.

चव्वेचाळीस साली तार आली. आकाराम परदेशात लढाईत पडला. तार वाचनालयातच वाचली गेली, माझ्यासमोर. त्या दिवशीही माझ्यावर कुणाचातरी जन्मदिवस होता, आणि भाऊसोनं तो पुसला नाही.

पुढच्या वर्षी बेंदराच्या आदल्या दिवशी रंगूबाई वाचनालयाची पायरी चढली. पहिल्यांदाच. बाकावर चार माणसं पेपर वाचत होती, त्यात नाथाजी हवालदार होता, पहिल्या लढाईतला पेन्शनर.

"भाऊसो, आकारामाचा जलम बी लिवा की फळ्यावर," ती म्हणाली.

"तारीख काय, काकू?"

"बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. परवाच."

"तशी न्हाई. इंग्रजी तारीख."

"बैलांना कुठली आलीया इंग्रजी तारीख? शिंगांचा रंग वाळला न्हवता तवा झाला माझा."

बाकावर खसखस पिकली. भाऊसोला चेव चढला.

"बरं, राहू दे तारीख. पण वचन लागतं. थोर माणसाचं काहीतरी बोलणं असतं. आकारामाचं काय लिहू?"

ती म्हणाली, "परत आलो की सागवानी दार बसवतो. ह्ये लिवा."

आता सगळेच हसले. नाथाजी हसला नाही, पण बोललाही नाही, आणि त्याचाही मला तितकाच राग आला. "काकू, इथं थोरांचीच नावं लागतात," भाऊसो म्हणाला. "शिंगं रंगवणाऱ्यांची लावायची म्हटली तर फळा पुरायचा न्हाई." ती पायरी उतरली. मी भिंतीला टांगलेला. कडी असती तर आपटली असती.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी नेमकी कुणा विचारवंताची जयंती निघाली. साताऱ्याचे साहेब येणार म्हणून मला झेंडूची माळ घातली होती. साहेब खुर्चीवर बसले आणि रंगूबाई आत आली ती थेट माझ्यापाशी.

"नाथाजी, काय लिवलंय ह्याच्यावर?"

नाथाजी उभा राहिला आणि त्यानं खड्या आवाजात वाचलं, "जिथे आईचा शब्द राखला जातो, तिथेच विद्या नांदते."

"खरं का, भाऊसो?"

"म्हणजे काय, काकू. थोर माणसाचं वचन हाय."

"मग राखा माझा शब्द. माझं दार मला द्या."

कुणी हसलं नाही. साहेबांनी भाऊसोकडं बघितलं, भाऊसोनं जमिनीकडं. नाथाजीनं खुर्ची ओढली, वर चढला आणि मला खिळ्यावरून उतरवलं. एक टोक त्यानं धरलं, एक तिनं. झेंडूच्या माळेसकट मी भर पेठेतून घरी गेलो. माझा जन्म सार्थकी लागला असं कुणी म्हणालं नाही, पण मला वाटलं.

चौकटीत बसवल्यावर नाथाजीनं भाऊसोचं सगळं पुसलं आणि रंगूबाई सांगेल तसं खडूनं लिहिलं: आकाराम. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी जन्म. परत आलो की सागवानी दार बसवतो.

आठवड्यात भाऊसो बैलगाडीत दार घालून आला. चांगलं सागवानी, पितळी कडीचं. "काकू, ह्ये बसवतो. आमचा फळा तेवढा द्या."

रंगूबाई उंबऱ्यातच उभी राहिली. "ते बसवणारा येगळा हुता, भाऊसो. गाडी वळवा."

अजून मी तिच्याच घराला आहे. पावसानं फुगलोय, खालून कुजतोय. पाऊस अक्षरं नेतो, नाथाजी पुन्हा लिहितो. तुम्ही आलात तर खुशाल माझ्यावर थाप मारा, रंगूबाई आहे घरात. फक्त फडकं घेऊन येऊ नका.