फुलदाणीतलं पाणी

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान धुण्याचं काम माझं. आठवडाभर तापाने घरी होते. परतले तो परीक्षेचा दिवस. एक बरणी वास मारत होती, ती मी घासून लख्ख केली. एका मुलीने वाळलं गवत भिजवून त्यात सूक्ष्मजीव वाढवले होते, हे मला काय ठाऊक!

मुलगी रडकुंडीला आली. बाई म्हणाल्या, "जिवंत पेशी दाखवल्याशिवाय गुण कसे देऊ?"

माझा जीव थाऱ्यावर राहिना. तेवढ्यात कपाटावर, देवाच्या तसबिरीपुढे ठेवलेल्या फुलदाणीकडे लक्ष गेलं. रोज तिचं पाणी बदलायचा माझा नेम. तापामुळे तो मोडला, फुलं सडली, म्हणून सकाळपासून खजील होते; परीक्षेच्या गडबडीत पाणी बदलायचं राहूनच गेलं होतं. तेच पाणी मुलीच्या हाती दिलं.

सूक्ष्मदर्शकात डोकावताच ती ओरडली, "मावशी, पळताहेत बघा! तुमच्या देवाने पोसलेत!"

"आपल्या सगळ्यांची सुरुवात अशाच एका पेशीतून झाली, मावशी," बाई गुण लिहिता लिहिता म्हणाल्या. "तुमची, माझी, हिचीसुद्धा."

उरलेलं पाणी मोरीत ओतायला हात धजेना. बाहेर झाडाखालच्या डबक्यात अलगद सोडलं, आणि मग नवी फुलं आणायला गेले.