जयमालेच्या होडीचा बांबू

“सांग रं बाबा, खाली काय हाय?”

हा आवाज मला अजून ऐकू येतो. धुक्याची सकाळ असायची, ओहोटी लागलेली असायची, आणि सिताराम कोळी मला खाडीत सरळ उभा सोडून, माझ्या वरच्या टोकावर तळहात ठेवून असं विचारायचा. जणू मी त्याचा शेजारीच. मी तळाला टेकलो की त्याच्या हाताला कळायचं. वाळू असली तर मी कचकन थांबायचो. शिंपल्यांचा थर असला तर अंगभर बारीक थरथर उठायची. आणि चिखल असला तर? चिखल काहीच बोलत नाही, मित्रांनो. तो गुपचूप आत ओढून घेतो.

मी एक जुना बांबू आहे. उथळ पाण्यात होडी ढकलायचा, खोली बघायचा बांबू. वल्ह्याचं कौतुक सगळे करतात, शिडाची तर मुलं चित्रं काढतात. पण जिथं पाणी गुडघाभर आणि होडीचं पोट तळाला घासतं, तिथं ना वल्हं चालत ना शीड. तिथं मीच लागतो.

माझा जन्म कर्नाळ्याच्या डोंगरातला. सितारामनं पनवेलच्या बाजारात मला एक डोळा मिटून न्याहाळलं आणि एसटीच्या टपावर टाकून खाडीकाठच्या सारसोळ्याला आणलं. चुलीच्या धगीवर त्यानं माझा बाक काढला, काथ्यानं अंग घासलं, माशाचं तेल पाजलं. मी चिखलात फार आत जाऊ नये म्हणून खालच्या टोकाला बाभळीची आडवी पट्टी बांधली. मग मला अंगणात उन्हाला टेकवून तो घरच्यांना म्हणाला, “ह्यो आता आपल्यातला.”

किती भरत्या आल्या, किती गेल्या. जाळ्यात कोळंबी उड्या मारायची, बोईट मासे चांदीसारखे लखलखायचे. सिताराम बोलका माणूस होता. माझ्याशी बोलायचा, होडीशी बोलायचा, लबाड खेकड्याला शिव्यासुद्धा प्रेमानं द्यायचा.

मग खाडीच्या अंगाला वेगळाच वास येऊ लागला. मिठागरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. जुईनगरला गाडी थांबू लागली, खिडक्यांत दिवे लागले, आणि आमच्या जाळ्यात मासळी कमी नि प्लॅस्टिकच्या पिशव्या जास्त येऊ लागल्या. सितारामचा मुलगा हिरामण कंपनीत लागला. “बाबा, खाडीत आता काय राह्यलंय?” असं म्हणून त्यानं सायकलला टांग मारली ती मारलीच. सितारामनं होडी धक्क्यावर पालथी घातली. मला तिच्या पोटाखाली सरकवलं. आणि त्या दिवसापासून बोलका सिताराम मुका झाला.

तिथं मी वाळवीच्या भीतीनं दिवस काढले. खेकडे अंगावरून जायचे. कुणी विचारायचं नाही, की बाबा रे, खाली काय आहे?

मला बाहेर काढलं ते सुनेनं, हिरामणच्या बायकोनं. जयमाला तिचं नाव. तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, वेचायला म्हणून ती होडी सुलटी करत होती, आणि धक्क्यावर एक दणकट माणूस हातात गळ घेऊन उभा होता. हौसेराव. मूळचा साताऱ्याकडचा, इथं बाजारात पोती उचलणारा. कृष्णेच्या काठी मासे धरलेला गडी. खाडीतही तो कणकेचे गोळेच गळाला लावत होता.

“भाऊ, माशांना चपात्या जेवायला बोलावलंव का?” जयमालेनं विचारलं.

“आमच्याकडचं मासं खात्यात की वो!”

“तुमच्याकडचं गरीब असतील. आमचा जिताडा कोलंबीबिगर तोंड उघडत नाय.”

हौसेराव खदखदून हसला आणि म्हणाला, “मग न्या की वैनी, जिताडा ऱ्हातोय तिथं.”

असा सुरू झाला आमचा नवा उद्योग. रविवारी गिऱ्हाइकं येऊ लागली. हौसेराव ठरलेला, आणि सोसायट्यांमधली हौशी मंडळी. जुईनगरच्या वैजयंतीबाई तर गळ टाकण्यापेक्षा डबा उघडण्यात जास्त रमायच्या. जयमाला सगळ्यांना तिवरांच्या झाडीच्या कडेनं न्यायची, कुठं गळ टाकायचा ते दाखवायची, कोळंबी कशी टोचायची ते शिकवायची. तिचा हात सितारामसारखा जड नव्हता. मला ती पाण्यात सोडायची ती लेकराचं बोट धरून पायरी उतरवावी तशी.

सितारामनं तिला अडवलं नाही. पण पहिल्याच दिवशी सांगितलं, “होरीला गिऱ्हाईक मिलंपर्यंत फिरव. मंग होरी इकायची.”

बस्स, एवढंच. रविवारी तो धक्क्यावर येऊन बसायचा, आमच्या होडीवर नजर लावून असायचा, परतलो की पाठ फिरवायचा. बरोबरीचे म्हातारे म्हणायचे, “सिताराम, सुनेनं नाव काढलं रं.” तो विडीचा धूर सोडून म्हणायचा, “हूं.” त्या हुंकारापाशी जयमालेचे कान किती वेळ लागून राहायचे, ते मला ठाऊक आहे. मी तिच्या हातात असायचो ना! तिला होडी तर हवीच होती. पण ज्यानं ही खाडी वाचली होती, त्याच्या तोंडून एक शब्द हवा होता.

आणि गिऱ्हाईक मिळालं. सायन-पनवेल रस्त्यावर नवं गार्डन हॉटेल होत होतं. त्याच्या मालकाला दारात ठेवायला एक जुनी होडी हवी होती. तिच्या पोटात माती भरून तो मोगरा लावणार होता. सितारामनं होकाराची मान हलवली. पुढच्या रविवारी टेम्पो येणार असं ठरलं.

त्या रविवारी जयमालेनं शेवटची फेरी काढली. होडीत हौसेराव आणि वैजयंतीबाई. जयमाला नेहमीसारखी थट्टा करत होती, पण माझ्यावरची तिची पकड घट्ट होती. ओहोटी लागली तेव्हा ती म्हणाली, “चला, पानी उतरलं.” तेवढ्यात हौसेरावच्या दोरीला ओढ लागली. “वैनी, एवढा एकच!” शेवटचा दिवस म्हणून तिचंही मन मोडवेना. जिताडा आला, चांगला हातभर लांब, आणि तोवर होडी चिखलाच्या उंचवट्यावर बसली.

“घाबरू नका,” जयमाला म्हणाली. “मी बांबूनं रेटते.”

पण हौसेराव देशावरचा माणूस. बैलगाडी रुतली की उतरून खांदा लावायचा, हे त्याच्या रक्तात. पाणी तर पोटरीएवढंच दिसत होतं. “थांबा, एक धक्का देतो,” म्हणत त्यानं उडी मारली.

पोटरीएवढ्या पाण्याखाली जमीन नव्हतीच. तो कमरेपर्यंत आत गेला. पाय उपसायला ताकद लावली तसा आणखी रुतला. पोत्यांचे डोंगर पेलणारा माणूस, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वैजयंतीबाई ओरडल्या, “अहो, हात द्या ना त्यांना! ओढा!”

“ओढायचं नाय!” जयमाला म्हणाली. “होरी पालथी होईल. भाऊ, हलू नका. माज्याकडं बघा.”

तिनं माझं एक टोक होडीच्या काठावर टेकवलं आणि मला चिखलावर आडवं सोडलं. “छाती ह्याच्यावर टाका. गादीवर लोलता ना, तसं.” त्या गड्याचा सगळा भार माझ्यावर आला. मग ती स्वतः काठावर पालथी झाली, आणि त्याच्या मांडीलगत हात घालून चिखल सैल करू लागली, त्यात पाणी सोडू लागली. “आता गान्याच्या तालावर पाय हलवा. हलू हलू. घाई क्येली तर मी गान्यात चुकंन.”

आणि ती गाऊ लागली.

भरतीच्या पान्या, ये रं दमानं दमानं,
माजी होरी हाय, लेकीवानी गो नादान.

एका ओवीत टाच सुटली. दुसऱ्या ओवीत गुडघा. माझ्या अंगात मधोमध कड्कन आवाज झाला, एक चीर धावत गेली. मला दात असते तर मी ते आवळले असते. पण मी धरून राहिलो, मित्रांनो. दुसरा पायही आला. हौसेराव पोटावर सरपटत होडीत आला आणि लहान मुलासारखा रडू लागला. वैजयंतीबाईंनी आपला पदर ओला करून त्याचं तोंड पुसलं. मग जयमालेनं मलाच, चिरलेल्याला, जपून रेटलं, आणि आम्ही मोकळं पाणी गाठलं.

धक्क्यावर टेम्पो उभा होता. हॉटेलवाला चिखलानं माखलेल्या हौसेरावकडे बघून म्हणाला, “बघा आजोबा, बाईच्या हातात होडी दिली की हे असं होतं. बरं झालं विकताय ते.” मग त्याची नजर माझ्यावर पडली. “हा फुटका बांबू पण टाका गाडीत. ह्याला कंदील टांगू, मस्त शो येईल.”

मित्रांनो, जुनी वस्तू शोभेला ठेवण्यात वाईट काही नाही. माझं एवढंच मागणं आहे, की तिच्यावर कंदील टांगण्याआधी ती ज्याच्या हातात असायची त्या माणसाला एकदा विचारा, हिचं काम संपलंय का? चीर गेली असेल तर काथ्या आवळा. तहानली असेल तर तेल पाजा. आणि खाडीत पिशव्या टाकू नका रे, त्या माझ्या तोंडावर येतात.

तेव्हा मात्र मला कुणी विचारेल असं वाटत नव्हतं. जयमालेनं मला धक्क्यावर टेकवलं आणि होडीतलं पाणी उपसायला वाकली. जाणाऱ्या होडीलाही ती स्वच्छ करूनच देणार होती.

सिताराम उठला. टेम्पोकडे न जाता तो सावकाश माझ्याकडे आला. त्याचा तळहात माझ्या चिरेवरून फिरला. किती वर्षांनी!

“आडवा टाकलास ह्याला?” त्यानं विचारलं.

“व्हय, बाबा.”

“मी इथून बघत व्हतो. मी असतो तं हात देऊन ओढला असता. दोघंबी गेलो असतो.”

हॉटेलवाला मध्येच म्हणाला, “आजोबा, उशीर होतोय. माणसं खोळंबलीत.”

“जावंद्या त्यांना. होरी नाय द्यायची,” सिताराम म्हणाला. मग जयमालेकडे वळला. तिच्या कोपरापर्यंत काळा चिखल होता.

“जयमाला, तू पयल्यांदा होरी काढलीस ना, त्याच दिशी मना कललं. खाडी माज्यापरीस तुना जास्त समजते. मना सांगवत नव्हतं, बाय.”