सव्वीसची रेघ

मित्रांनो, मी एक जुना लॅक्टोमीटर आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे. दुधात पाणी आहे का, एवढे पाहण्यासाठीच मला जन्माला घातले गेले. ज्याला संशयासाठीच घडवले, त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा तरी कशी करायची?

दिसायला मी अगदी साधा. काचेची बारीक मान, खाली फुगीर पोट, पोटात शिशाचे छर्रे. मानेत कागदाची पट्टी आणि तिच्यावर रेघा. दुधाने भरलेल्या उंच नळकांड्यात सोडले की मी उभा तरंगतो. दूध दाट असेल तर वर राहतो, पाणी मिसळलेले असेल तर खाली बुडतो. दूध माझ्या मानेवर ज्या रेघेशी टेकते, तिला सगळे ‘डिग्री’ म्हणतात; मी जितका खाली बुडेन, तितकी ती कमी.

कारखान्यात ज्या बाईने माझ्या मानेत कागद सरकवला, तिने तो दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला होता. पुढे रेघा होत्या आणि मागे एक बारीक ओळ. त्या ओळीत काय आहे, याची मी कधी चौकशी केली नाही. स्वतःच्या पाठीवरचे कुणाला दिसते?

तिथून मी एका दूध संकलन केंद्रात आलो. पत्र्याची एक खोली, एक वजनकाटा, चार मोठे कॅन आणि दारापासून रस्त्यापर्यंत बादल्यांची रांग. तेव्हा तिथे एक म्हातारे मास्तर दूध तपासत. माझ्या डबीत माझ्या शेजारी थर्मामीटर असे. मास्तर आधी त्याला दुधात बुडवत, मान हलवत, कधी बादली बाजूला ठेवून थांबत आणि मग मला हात लावत. मला वाटे, तो माझा नोकर आहे. राजा येण्याआधी चोपदार आवाज देतो, तसा.

मास्तर थकून घरी बसले आणि नवे टेस्टर आले. आठवड्याभरातच थर्मामीटर फरशीवर पडून फुटला. नवा आणूया का, असे कुणीतरी विचारले. “दूध गरम की गार, ते बोटाला कळतं. त्याला काच कशाला?” टेस्टर म्हणाले. मी तर खूश झालो. डबीत ऐसपैस जागा झाली.

बरीच वर्षे त्याने काही बिघडले नाही. कुणाची डिग्री थोडी कमी भरली, तर टेस्टर म्हणत, “काय हो, आज गाय पोहून आली वाटतं?” सगळे हसत आणि दूध कॅनमध्ये जाई.

मग एका वर्षी सरकारने बाहेरच्या देशांतून येणाऱ्या दुधाच्या भुकटीवरचा कर काढून टाकला. भुकटी बोटी भरभरून येऊ लागली, तीही स्वस्त. आमचे दूध घेणाऱ्या मोठ्या डेअरीला आता आमची तेवढी गरज उरली नाही. पण तसे तोंडाने कोण म्हणणार? डेअरीने एक कागद पाठवला. शुद्धतेसाठी म्हणे, ज्याचे दूध सव्वीस डिग्रीच्या खाली तीनदा भरेल, त्याचे सभासद कार्ड रद्द. दूध कमी पडत होते, तेव्हा यांना शुद्धता आठवली नव्हती. टँकरचा ड्रायव्हर हळूच सांगून गेला, “तिकडं पोती छतापर्यंत लागलीत. तुमच्यातला एकेक कमी झाला तर त्यांना हवंच आहे.”

मला डेअरीचा संशय आला. पण खरे सांगतो, त्याहून जास्त मला आनंद झाला. आता माझ्या शब्दाला वजन आले होते.

पहिला सापडला तो समोरचा सुतार. त्याची एकच गाय. त्याचे घर केंद्रापासून वीस पावलांवर. तीनदा मी सव्वीसच्या खाली बुडालो. “पाण्याचा थेंब घातला नाही हो,” तो म्हणत राहिला. असे तर सगळेच म्हणतात. कार्ड रद्द झाले. तेवढे दूध दुसरे कुणी घेईना, तेव्हा त्याने गाय विकली. त्यानंतर तो केंद्राकडे न बघता जायचा. मी मनात म्हटले, चोराला लाज वाटते ती अशी.

मग पाळी आली ‘पहिल्या नंबर’ची.

केंद्राच्या भिंतीला भिंत लागून एका बाईचे घर होते. तिच्या दोन गाई, एक तांबडी आणि एक बांडी. नवरा ट्रकवर, घरी ती आणि सासू. रांगेत रोज तीच पहिली, म्हणून सगळे तिला पहिला नंबर म्हणत. टेस्टर तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो. बादलीतल्या दुधावर फेस नाचत असतानाच ती दारात हजर होई. “आमच्या सासूबाईंचं म्हणणं, दुधाच्या अंगात ऊब आहे तोवर ते पोचलं पाहिजे,” ती मिरवून सांगे. 

एका थंडीतल्या सकाळी तिचे दूध पंचवीस भरले. वहिनी लाल झाली. दुसऱ्या दिवशी तिने बादली घासली, फडक्याने कोरडी केली आणि वर उन्हात उपडी घातली. पेंड वाढवली. गुरांच्या डॉक्टरांना बोलावले. ते म्हणाले, “गाई ठणठणीत आहेत. तुम्हीच जरा खात जा.” आणि आपल्यावर किटाळ नको म्हणून ती आता अक्षरशः धावत येऊ लागली. धार थांबली की दोन मिनिटांत बादली टेबलावर. तिच्या त्या घाईचाच मला संशय आला. खरा माणूस इतका धावतो कशाला? त्या आठवड्यात मी चोविसावर बुडालो. दोनदा झाले.

आता एकदाच उरले होते. कार्ड गेले की गाई जाणार, हे साऱ्या रांगेला ठाऊक होते. गुरांचा व्यापारी तिच्या अंगणात येऊन तांबडीचे दातही पाहून गेला होता. वहिनीने त्याला हाकलले नाही. पाणी विचारले आणि आत निघून गेली.

टेस्टर मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, “वहिनी, उद्या मी गोठ्यात येतो. माझ्यासमोर धार काढा. मग कुणी बोलायला नको.”

दुसऱ्या दिवशी मला खिशात घालून ते गोठ्यात गेले. कोरडी बादली त्यांनी स्वतः उलटी करून पाहिली. पाण्याची घागर बाहेर ठेवायला लावली. वहिनीने तांबडीची धार काढली, तेव्हा त्यांनी पापणीही लवू दिली नाही. मग दगडी ओट्यावर नळकांडे ठेवले, भरले आणि मला सोडले.

चोवीस.

“बोला आता,” वहिनी म्हणाली. “पाणी कुठून आलं? तुमच्या डोळ्यांतून?”

सासूबाई ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाल्या, “गाईनंच आतल्या आत मिसळलं असेल. तिचंही कार्ड रद्द करा.”

“आजी, मी काय करू? कागदावर तीनदा म्हटलंय, तीनदा झालं,” टेस्टर पुटपुटले. “वहिनी, कार्ड आणून द्या.”

वहिनी आत गेली. कार्ड ट्रंकेच्या तळाशी होते. आतून ट्रंकेचे झाकण आपटत राहिले. ती शोधत होती की वेळ काढत होती, कोण जाणे. बाहेर टेस्टर ओट्याला पाठ करून येरझारा घालत होते. अंगणाच्या फाटकाशी रांगेतली माणसे जमली होती. बोचरा वारा सुटला होता. आणि मित्रांनो, मला काहीतरी होऊ लागले. कुणी हात लावला नाही, कुणी ढकलले नाही, पण मी वर येऊ लागलो. केसाएवढा, मग रेघभर. मला वाटले, मला चक्कर येते आहे.

अर्ध्या पाऊण तासाने वहिनी कार्ड घेऊन बाहेर आली. तिने ते छातीशी धरले होते.

“अहो, ही काच मघाशी एवढी वर नव्हती,” सासूबाई म्हणाल्या.

टेस्टर वाकले. मी सत्तावीसवर होतो. “कुणी हात लावला? काय घातलंत यात?” ते ओरडले.

सासूबाई म्हणाल्या, “मी इथंच बसलेय की, दोन्ही हात मांडीवर ठेवून. फाटकात एवढी माणसं उभी आहेत, त्यांना विचारा.”

मग टेस्टरांनी बांडीची धार काढायला लावली. ऊन दुधात मी पुन्हा चोविसावर बुडालो. त्यांनी नळकांडे गार पाण्याच्या परातीत ठेवले आणि या वेळी पाठ फिरवली नाही. दूध निवत गेले, तसतसा मी सगळ्यांच्या देखत वर चढलो. सत्तावीस. त्यांनी मला उचलले, सदऱ्याला पुसले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला उलटे फिरवले. माझ्या पाठीवरची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली.

“दूध सत्तावीस अंश तापमानाचे असताना वाचावे.”

धारोष्ण दूध पातळ असते, त्यात मी खोल बुडतो. म्हणजे जी जितकी धावत आली, ती तितकी खोटी ठरली. दोन गावे ओलांडून सायकलवर दूध आणणारा एक हसरा माणूस आहे. वाटेत गार झालेल्या त्याच्या दुधाला मी नेहमी बरोबर सत्तावीस देत आलो. त्याच्या कॅनमध्ये वाटेवरचा नळ किती होता, कुणास ठाऊक! आता मला त्याचाच संशय येतो.

“भाऊजी,” वहिनी हळूच म्हणाली, “समोरच्या सुतारांचं घर तर वीसच पावलांवर.”

टेस्टरांनी कार्ड तिच्या हातात तसेच राहू दिले आणि ते थेट सुताराकडे गेले. मी त्यांच्या खिशात होतो. “चुकलं माझं,” ते दारातच म्हणाले. “तुमचं कार्ड परत करतो.” सुताराने रंधा थांबवला. “आणि गाय?” एवढेच त्याने विचारले. मी काचेचा आहे, खिशातल्या खिशात तडकलो असतो तर बरे झाले असते.

टेस्टरांनी डेअरीला सगळे लिहून कळवले. उत्तर आले, नियम तोच राहील, थर्मामीटर केंद्राने आपला आणावा. चूक कळली म्हणून तिकडे कुणाला वाईट वाटल्याचे त्या कागदात दिसले नाही. टेस्टरांनी थर्मामीटर आणला. महिन्याभराने सुतार पहिल्यांदाच केंद्रात आला आणि टेबलावर एक लाकडी डबी ठेवून गेला. आत शेजारी शेजारी दोन खाचा. “यापुढं ह्या एकट्याला बाहेर काढू नका,” तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

पहिला नंबर आता रांगेत शेवटी येते. बादली गार पाण्याच्या टोपात ठेवून पायरीवर बसते. सगळे तिला अजूनही पहिला नंबरच म्हणतात. मला दुधात सोडतात, तेव्हा ती माझ्याकडे बघत नाही, थर्मामीटरकडे बघते.

मित्रांनो, मला वापरून झाले की गार पाण्याने धुवा, कोरडे करा, खाचेत नीट ठेवा. एवढी काळजी घेतलीत तर मी अजून पुष्कळ वर्षे टिकेन. पण कुणाला खोटे ठरवण्याआधी मला एकदा उलटे फिरवून वाचा. माझा अजूनही कुणावर विश्वास नाही. फक्त आता त्या यादीत सगळ्यांत वर मी स्वतः आहे.