कुणाच्या नावाची माळ

बेकरीवाल्या काकू सत्तेचाळीस दिवस रोज दुःखाचीच रहस्यं म्हणत होत्या.

तसा रोझरीच्या माळेचा नियम त्यांना तोंडपाठ होता. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रत्येक दिवशी येशूच्या आणि त्याच्या आईच्या आयुष्यातले पाच प्रसंग, एकेका प्रसंगाला दहा मणी. मणी सरकवताना तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा. काकू हे लहानपणापासून करत आल्या होत्या. पण जहाज कंपनीचं पत्र आलं, बुडालेल्या जहाजावरच्या बेपत्ता नऊ जणांत आपल्या मुलाचं नाव त्यांनी वाचलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या आठवड्यात नुसते मंगळवार आणि शुक्रवार उरले. बागेतली प्रार्थना, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, क्रूसावरचं मरण. परत पहिल्यापासून.

मुलाला सगळे लांब्या म्हणायचे. दाराच्या चौकटीत वाकून शिरायचा म्हणून. वय बत्तीस, जहाजाच्या इंजिनखोलीत फिटर. प्रेत मिळालं नाही, म्हणून चर्चमध्ये त्याचा फोटो ठेवून मृतासाठीची प्रार्थना, मिस्सा, केली. काकूंनी दोन दिवस बेकरी बंद ठेवली आणि तिसऱ्या दिवशी भट्टी पेटवली. घरात बसून भिंती खायला उठतात, त्यापेक्षा पीठ बरं, असं त्या धाकट्या बहिणीला म्हणाल्या.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी, बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास दुसरा घाणा भट्टीत होता. काउंटरसमोर एक दाढी वाढलेला, गालफडं बसलेला माणूस येऊन उभा राहिला. काकू कागदाची पिशवी उघडत म्हणाल्या, "काय देऊ?"

"आई," तो म्हणाला.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "थांब, ट्रे जळतील." आत गेल्या, भट्टीचं दार उघडलं, सहाच्या सहा ट्रे बाहेर काढले, मांडणीवर ओळीने लावले, हात पुसले. आपण हे का करतोय ते त्यांना कळत नव्हतं. परत बाहेर आल्या तरी तो तिथंच होता. तेव्हा मात्र त्या पिठाच्या पोत्यावर बसल्या.

अर्ध्या तासात गल्ली बेकरीत शिरली. कुणी रडत होतं, कुणी लांब्याला चिमटे काढून बघत होतं. समोरचा सलूनवाला म्हणाला, "स्वर्गात याच्या मापाची खाट नसेल, म्हणून परत पाठवला." सगळे हसले. एक बाई काकूंचे हात धरून म्हणत होती, "काकू, बुधवार आहे आज! गौरवाची रहस्यं! पुनरुत्थान!" काकूंनी मान हलवली. आनंद कुठून तरी येईल म्हणून त्या वाट बघत होत्या. तो येत नव्हता. रडूही येत नव्हतं. एखाद्याच्या घरी जायला निघावं आणि भलत्याच जिन्यात उभं असावं, तसं त्यांना झालं होतं.

दुपारी शटर ओढून मायलेक मागच्या खोलीत बसले. लांब्याच्या पुढ्यात पाव होता. त्याने तो नुसताच कुस्करून ठेवला होता.

"मी त्या जहाजावर नव्हतोच, आई."

"म्हणजे?"

"बंदरात होतो तेव्हा ताप भरला. उभं राहवेना. जहाज दुसऱ्या दिवशी सुटणार. आजारी म्हणून उतरलो असतो तर पुढचं काम गेलं असतं. हसऱ्या तिथंच होता, काम शोधत बसलेला. तो म्हणाला, तुझं खलाशाचं पुस्तक दे, मी जातो तुझ्या नावावर. एक फेरी करतो, परत आलो की अदलाबदल करू."

हसऱ्याला काकू एकदाच भेटल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी तो लांब्याबरोबर घरी आला होता, उभ्या उभ्या चार बन खाऊन गेला होता.

"आणि फोटो? पुस्तकावर फोटो असतो ना?"

"त्या फोटोत कुणीही कुणासारखं दिसतं."

"मग तू?"

"त्यानंच मला धर्मादाय दवाखान्यात टाकलं. त्याच्या ओळखीच्या कार्डावर. दोघांचं एकच नाव कसं चालेल? टायफॉइड होता. तीन आठवडे शुद्ध नव्हती नीट. सगळे मला हसऱ्याच्या नावानं हाक मारायचे, मीही ओ द्यायचो. बसता यायला लागलं तेव्हा कळलं, जहाज बुडालं."

काकूंना हिशेब लागायला वेळ लागला. त्यांनी बोटांवर पण मोजलं, जणू दोन मुलगे मोजायला बोटं लागतात.

"म्हणजे ती मिस्सा..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आणि तुला एक फोन करता आला नाही? मेल्या, सत्तेचाळीस दिवस!"

"केला होता. तू उचललास. हॅलो हॅलो म्हणालीस. तुझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला." लांब्या खाली बघत होता. "काय सांगणार होतो? मी जिवंत आहे म्हणजे तो मेला. ते माझ्या तोंडातून निघेना."

काकूंनी त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याच हाताने त्याचं डोकं छातीशी ओढलं. दाढी टोचली तेव्हा कुठे त्यांना पटलं, हा आहे.

"त्याच्या घरी कोण आहे?"

"आई. एकटीच. कपडे शिवते. आई, आणखी एक आहे." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "दवाखान्यानं कार्डावरच्या पत्त्यावर कळवलं, तुमचा मुलगा आजारी आहे, सुधारतोय. तिचं उत्तर आलं. मलाच वाचून दाखवलं नर्सनं."

काकूंनी कागद उघडला. चार ओळी होत्या. बाळा, मी रोज गौरवाची रहस्यं म्हणते आहे. अळणी तुला आवडत नाही, तरी डॉक्टर म्हणतील ते खा. बरा झालास की आधी घरी ये.

गुरुवारी सकाळी काकू फादरांकडे गेल्या. फादर कुंड्यांना पाणी घालत होते. सगळं ऐकून त्यांच्या हातातली झारी तशीच तिरकी राहिली, पाणी चपलेवर सांडत राहिलं.

"फादर, मिस्सा कुणासाठी झाली मग? फोटो माझ्या पोराचा होता. मी सत्तेचाळीस दिवस माळ केली ती कुणाची?"

"देवाला कळतं, काकू."

"देवाला कळत असेल हो. मला नाही कळत."

फादरांनी झारी खाली ठेवली. मग म्हणाले, "मलाही नाही."

काकूंना ते उत्तर बरं वाटलं. त्यांनी आणखी विचारलं, "येशू उठल्यावर आईला कधी भेटला?"

"शुभवर्तमानात तसं लिहिलेलं नाही. मग्दालियाच्या मरियेला भेटला, शिष्यांना भेटला. आईला भेटला असणारच, अशी आपली श्रद्धा."

"लिहिणाऱ्यांनी तिला विचारलं असेल," काकू म्हणाल्या, "तिला सांगता आलं नसेल. मी आयुष्यभर ते रहस्य म्हटलं, फादर. ती धावली असेल, रडली असेल, असं डोळ्यांपुढे आणलं. माझा आला तर मी ट्रे काढत बसले."

कंपनीत आणि पोलिसांत सगळं खरं सांगा, असं फादरांनी बजावलं. पण काकू म्हणाल्या, आधी तिच्या घरी. कागदावर वाचायला लागू नये तिला. मी वाचलंय, मला माहीत आहे.

शनिवारी दोघं बसने गेले, चार तासांवर. हसऱ्याचं घर एका दुकानाच्या वर होतं. अरुंद जिना, दारावर 'कपडे दुरुस्त करून मिळतील' अशी पाटी. दार उघडंच होतं आणि शिलाई मशीनचा आवाज येत होता. पावलांचा आवाज ऐकताच मशीन थांबलं. "आलास?" असं म्हणतच ती बाई दारात आली.

बारीक अंगाची, काकूंपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असावी. गळ्यात मापाची टेप, ओठांत दोन टाचण्या. तिने लांब्याकडे पाहिलं, त्याच्या मागे जिन्यात पाहिलं.

"तो खाली आहे का?"

काकूंनी बसमध्ये चार तास वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना. "ताई, आत येऊ का?" एवढंच निघालं.

शिवणवाल्या बाईने खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. लांब्याने सांगितलं. उभ्यानेच, भिंतीकडे बघत, मध्ये मध्ये अडखळत. ती ऐकत होती आणि ओठांतल्या टाचण्या काढून एकेक पिनकुशनमध्ये खोचत होती. त्याचं संपलं तेव्हा ती उठली, कपाटातून दवाखान्याचं पत्र काढून तिने काकूंच्या हातात दिलं.

"वाचा. शिक्का आहे बघा. सुधारणा होत आहे, असं लिहिलंय."

"मावशी, तो मीच होतो," लांब्या म्हणाला. "तुमचं पत्र मला आलं." आणि त्याने ते पुढे केलं.

तिने स्वतःचं अक्षर ओळखलं, पण कागद घेतला नाही. ती काकूंकडे वळली.

"तुम्हाला काय कळवलं होतं?"

"बेपत्ता म्हणून. शोध थांबवला म्हणून."

"तुम्ही मिस्सा केलीत?"

"केली."

"रडलात?"

"हो."

"आणि हा आला. तुमच्या दुकानात, चालत." तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "मग माझाही येईल. तुमचं पत्र खोटं निघालं ना? मग ह्याची तोंडी बातमी खरी कशावरून? कुठल्या तरी दवाखान्यात असेल तिसऱ्याच कुणाच्या नावावर."

लांब्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकूंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. काय बोलायचं होतं? आपला जिताजागता मुलगा शेजारी उभा करून कुठल्या तोंडाने सांगायचं, की मेलेली मुलं परत येत नाहीत? आपण निरोप घेऊन आलो होतो आणि ह्या बाईने त्या निरोपातून आशाच उचलली. ती चूक की बरोबर, हेही काकूंना ठरवता येईना. क्षणभर तर त्यांनाही वाटून गेलं, कुणी सांगावं?

"आज शनिवार," शिवणवाली बाई म्हणाली. "आनंदाची रहस्यं. माझी माळ राहिली आहे. बसता का?"

तिघं बसली. तिने पुढाकार घेतला. देवदूताचा निरोप. अलिशिबेची भेट. गव्हाणीतला जन्म. मंदिरात बाळाचं अर्पण, जिथे म्हातारा शिमोन आईला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल. हे आनंदाच्या रहस्यांत कसं बसतं, हा प्रश्न काकूंना पन्नास वर्षांत पडला नव्हता. आता पडला, आणि मणी निसटला. मोजणी चुकली.

पाचवं रहस्य आलं. "तीन दिवस हरवलेला येशू मंदिरात..." बाई म्हणाली. 'सापडला' हा पुढचा शब्द आला नाही. तिने परत सुरुवात केली. "तीन दिवस हरवलेला येशू..." खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. काकूंनी तिचं वाक्य पूर्ण करायला हवं होतं. त्यांना ते जमलं नाही. शेवटी लांब्यानेच खालच्या आवाजात पहिली 'नमो मरिया' सुरू केली आणि दोघी त्याच्या मागून म्हणत गेल्या.

निघताना तिने लांब्याच्या शर्टाची उसवलेली बाही पाहिली, तो काढायला लावला आणि चार टाके घालून दिला. दारात काकूंना म्हणाली, "आला की कळवते."

सोमवारी लांब्याने कंपनीत जाऊन जबानी दिली. पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवलं. त्याचं खलाशाचं काम सुटलं, तीन वर्षं तरी जहाजावर चढायची बंदी. तो बेकरीत पीठ मळायला लागला. काकू रहस्यं पुन्हा वारानुसार म्हणायला लागल्या, पण नीट जमत नव्हतं. गौरवाच्या दिवशी ती बाई डोळ्यांपुढे यायची, दुःखाच्या दिवशी लांब्या मागे शीळ घालत असायचा. मुलगा घरात आहे म्हणून देवाचे आभार मानायला जावं, तर जीभ जड व्हायची. न मानावे, तर त्याची भीती.

सात आठवड्यांनी एका मंगळवारी शिवणवाली बाई स्वतःच बेकरीत आली. हातात पिशवी, केस विंचरलेले, डोळे सुजलेले. कंपनीचं पत्र आलं होतं, या वेळी खऱ्या नावानं. काकूंनी काउंटरची फळी उचलून तिला आत घेतलं. काकूंनी तिला पिठाच्या पोत्याशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. मग, लांब्या आला त्या दिवशी आलं नव्हतं ते रडू काकूंना तिच्या आधी आलं. तिनेच काकूंच्या पाठीवर हात फिरवला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्याला बोलवा. मला ऐकायचं आहे. तो शेवटचा कसा होता ते."

लांब्या हातांचं पीठ न धुताच आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याने सांगितलं. दवाखान्याच्या फाटकापर्यंत हसऱ्याने त्याला पाठीवर घेतलं होतं. लांब्याचे पाय जमिनीला घासत होते, म्हणून तो वाटभर हसत होता. खाटेवर टाकल्यावर त्याने स्वतःची चादर काढून दिली. दारातून वळून म्हणाला, माझ्या नावाला बट्टा लावू नकोस, लवकर बरा हो.

"अंगात काय होतं?"

"निळा शर्ट," लांब्या म्हणाला.

"निळा नाही. निळा घरी आहे." तिने डोळे मिटले. "राखाडी असेल. आठव बरं नीट."

लांब्याने आठवलं. "हो, मावशी. राखाडीच."

"खिशाला बटण होतं?"

"नव्हतं."

"मी लावणार होते," ती म्हणाली. "आता पुन्हा सांग. फाटकापासून सांग."

लांब्या फाटकापासून पुन्हा सांगू लागला.