पाटीवरचा खोटा ‘ट’

पाटी म्हटलं की तुम्हाला शाळा आठवते. मी त्यातली नव्हे, मित्रांनो. मी मोटारींच्या शर्यतीतली जुनी पत्र्याची पाटी आहे आणि माझ्यावर कुणी कधी अक्षर गिरवलं नाही. गाड्या समोरून सुसाट जात, तेव्हा मला कठड्यावरून बाहेर धरत. माझ्याकडे एक नजर टाकली की चालकाला कळे, आपण कितवे आहोत, पुढचा किती सेकंदांवर आहे आणि फेऱ्या किती उरल्या. सगळं आयुष्य मी दुसऱ्यांनी लावलेलं बोलले. आज पहिल्यांदाच स्वतःचं बोलते आहे, तेव्हा जरा तिखट लागलं तर लागू द्या.

मला कापलं ते एका पत्रेवाल्याच्या दुकानात, कुणाच्या तरी छपरातून उरलेल्या तुकड्यातून. मला तीन खोबणी केल्या, मागे लाकडी मूठ ठोकली आणि काळ्या रंगाचे दोन हात दिले. खोबणींत सरकवायला पत्र्याच्या पट्ट्या केल्या, त्यांवर पिवळे अंक. चारचा आकडा चांगलाच कलला होता. आमच्या संघाचा मिस्त्री मला न्यायला आला तेव्हा म्हणाला, “हा चार झोपलाय की काय?” रंगारी म्हणाला, “दुरून वाचायचाय ना? जवळून कोण बघतंय!”

अंकांच्या पेटीत एकच अक्षर होतं, लाल रंगातला ‘ट’. ट म्हणजे टायर. धावत्या गाडीचं मागचं टायर चालकाला दिसत नाही. मिस्त्री कठड्यावर उभा राहून ते पाहतो. रबर सुटायला लागलं की ओरडतो, मग माझ्यावर ट लागतो आणि चालक वेग कमी करून उरलेल्या फेऱ्या सांभाळून काढतो. आमच्या गटात चालकाच्या कानात बोलणारं यंत्र लावायला बंदी होती, म्हणून जे काय सांगायचं ते माझ्यावरून.

मला धरायची ताई. ती शिवणकामाच्या कारखान्यात कापड मोजायची. आमच्या संघाचा चालक तिचा पाठचा भाऊ, आठ वर्षांनी लहान. ती त्याला धाकट्या म्हणायची, म्हणून सगळे त्याला धाकट्याच म्हणू लागले. पहिल्या वर्षी पाटी दुसराच कुणी धरायचा. धाकटा संघाच्या मालकांना म्हणाला, “मला दुसऱ्याच्या हातातली पाटी वाचताच येत नाही. ताईला बोलवा.” मालक हसले, पण बोलावलं. गळ्यात दोन घड्याळं, काखेत वही आणि दोन्ही हातांत मी, अशी ती ऊन असो, पाऊस असो, कठड्याला पोट टेकून उभी राहायची. दर फेरीची वेळ वहीत टिपायची, पट्ट्या बदलायची आणि धाकटा समोर यायच्या आधी मला बरोब्बर बाहेर धरायची. मिस्त्री म्हणायचा, “बाईंची पाटी कधी चुकायची नाही.” हे ऐकून मी किती फुगायचे म्हणून सांगू!

आता यादीचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. आमच्याकडे नुसतं जिंकून भागत नव्हतं. वर्षभरात दहा शर्यती व्हायच्या. प्रत्येक शर्यतीनंतर तीन परीक्षक प्रत्येक चालकाला गुण द्यायचे. वेग कसा होता, गाडी सांभाळली का, शेवटपर्यंत धीर टिकला का, असं सगळं बघून. त्यांच्यापुढे प्रत्येक संघाची वही जायची. वहीत फेऱ्यांच्या वेळा असत आणि उजवीकडे एक रकाना असे, ‘शेरा’. काही वेगळं घडलं असेल तर ते तिथे लिहायचं. वर्षाच्या शेवटी बावीस चालकांची क्रमवार यादी लागायची. पहिले आठ वरच्या गटात जायचे. सत्तावीस वर्षं पूर्ण झाली की ते दार बंद. धाकटा त्या वर्षी सव्वीस वर्षांचा होता. म्हणजे त्या वर्षी आठात आला तर आला, नाहीतर जन्मभर नाही.

आमच्या संघाची दुसरी गाडी मालकांचा जावई चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण हात बेताचा. सगळे त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे जावईबापू.

तिसऱ्या शर्यतीत धाकटा दुसरा होता आणि जावईबापू त्याच्या मागे तिसरे. सहा फेऱ्या उरल्या होत्या. मालक ताईच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “ट लाव.”

ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “टायर चांगलंय, मालक. मिस्त्री काही बोलले नाहीत.”

“मिस्त्रीचं नाही, माझं ऐक. गाडी माझी आहे. नसेल लावायचा तर उद्यापासून दोघं घरी बसा.”

गाडी गेली तर शर्यत गेली आणि शर्यत गेली तर यादी गेली. ताईने एवढा हिशेब मनात केला असणार. तिने लाल पट्टी काढली, खोबणीत सरकवली आणि मला बाहेर धरलं. मित्रांनो, माझं तोंड फक्त शर्यतीच्या रस्त्याकडे असतं. मनोऱ्यातल्या परीक्षकांना, बाकांवरच्या लोकांना माझी पाठच दिसते. धाकट्याने ट पाहिला, मान हलवली आणि वेग कमी केला. जावईबापू भुर्रकन पुढे गेले. मला इतकी लाज वाटली, की पत्र्याला घाम फुटत असता तर माझा रंग ओघळला असता.

शर्यत संपल्यावर धाकटा गाडीतून उतरला आणि थेट मागच्या टायरपाशी बसला. त्याने टायरवरून हात फिरवला. “ताई, हे तर ठणठणीत आहे.”

“दुरून तसं वाटलं रे,” ताई म्हणाली.

तिने वही उघडली. त्या सहा फेऱ्यांच्या संथ वेळा तिने जशाच्या तशा लिहिल्या होत्या. वेळेत खोट करणं तिच्या हाताला जमेना. शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं, तेवढ्यात मालक म्हणाले, “तो कोरा ठेव.” तिने तो कोरा ठेवला.

पाचव्या शर्यतीत पुन्हा तेच. त्या दिवशी धाकट्याने टायरकडे पाहिलंही नाही. गाड्या झाकून सगळे निघून गेले, तेव्हा तो ताईसमोर उभा राहिला.

“मालकांनी सांगितलं होतं ना?”

ताई पट्ट्या पुसत होती. पुसतच राहिली.

“अगं, मला सांगायचंस. मी त्याला पुढे सोडला असता. तुझ्यासाठी सोडला असता. पण तू मला खोटं का सांगितलंस?”

तेव्हा ताई रडली. माझ्यावर हात ठेवून म्हणाली, “पुन्हा नाही लावणार. आता ट लावला तर तो खराच असेल, धाकट्या. शपथ.” त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली, जशी ती त्याला मारायची, आणि दोघं हसली. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. कसलं काय!

आठव्या शर्यतीत मालकांनी पुन्हा सांगितलं. ताईने बराच वेळ पट्टी हातात नुसती धरून ठेवली. मालकांनी दुसऱ्या एका चालकाचं नाव घेतलं. तो गाडीसाठी दोन वर्षं त्यांच्या दारात खेटे घालत होता. ताईने ट लावला. धाकट्याने तो पाहिला, वेग कमी केला आणि जावईबापूंना पुढे सोडलं. त्या रात्री तो ताईशी चांगलं बोलला. शर्यतीबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. शेऱ्याचा रकाना कोराच होता.

दहावी शर्यत शेवटची. धाकटा तोवर गुणांत नववा होता. त्या दिवशी पहिल्या तिघांत आला की आठात जागा पक्की, हे गॅरेजमधला झाडूवालासुद्धा सांगू शकला असता. तीन फेऱ्या उरल्या होत्या. धाकटा दुसरा होता आणि मागे चार सेकंदांवर जावईबापू. मालक लांब उभे होते. त्यांनी काही सांगितलं नव्हतं, खरंच सांगितलं नव्हतं. ओरडला तो मिस्त्री.

“बाई, डावं मागचं गेलं! रबर सुटतंय! ट लावा, ट!”

घाईत ताईची पट्टी खोबणीत जाईना. कशीबशी गेली. धाकटा यायच्या आत ती अर्धी कठड्याबाहेर लोंबकळली. तिने मला दोन्ही हातांनी वर धरलं, खाली केलं, पुन्हा वर धरलं. “खराय रे! खराय!” म्हणून ओरडली. त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? शब्द ऐकू येत नाहीत म्हणून तर मी होते.

धाकट्याने मला पाहिलं. शिरस्त्राणाच्या काचेमागचे त्याचे डोळे सरळ माझ्यावर आले. मग त्याने मान फिरवली आणि वेग वाढवला.

दुसऱ्या वळणावर टायर फुटलं. गाडी गरागरा फिरून वाळूत शिरली आणि पलीकडच्या भिंतीवर आदळली. ताईने मला तिथेच टाकलं आणि धावली. लोक माझ्यावरून पाय देत पळाले. धाकट्याच्या गळ्याखालचं हाड मोडलं आणि उजव्या मनगटाचे तीन तुकडे झाले. जीव वाचला. जावईबापू दुसरे आले.

ताई भावाबरोबर रुग्णालयात गेली. वही कठड्यावरच राहिली होती. मालकांनी ती उचलली, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सुबक अक्षरांत लिहिलं, ‘टायरचा इशारा वेळेवर दाखवला. चालकाने ऐकलं नाही.’ नऊ शर्यती कोरा राहिलेला रकाना असा भरला. आणि यातला शब्दन्‌शब्द खरा होता, हेच मला खुपतं.

यादी लागली. जावईबापू सातवे. धाकटा अकरावा. नावापुढे परीक्षकांनी कारण दिलं होतं, ‘तीन शर्यतींत शेवटच्या फेऱ्यांत कच खाल्ली. अखेरच्या शर्यतीत धोक्याचा इशारा धुडकावून गाडीचा नाश केला.’ वाचलंत? खोटं ऐकलं म्हणून भित्रा आणि खरं ऐकलं नाही म्हणून उद्धट. दोन्ही वेळा पाटी मीच होते.

हरकत घ्यायला तीन दिवस होते. तिसऱ्या दिवशी ताई मला काखेत मारून परीक्षकांकडे गेली. लांब टेबल, वर खडखडणारा पंखा, एका कोपऱ्यात वह्यांची चळत. वडीलधारे परीक्षक मायेने म्हणाले, “बसा, बाई. पाणी घ्या.” ताईने सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. मला टेबलावर ठेवून लाल पट्टी खोबणीत सरकवूनही दाखवली.

परीक्षकांनी वही चाळली. “इथे शेरा कोरा आहे.”

“तो मीच कोरा ठेवला.”

“कोऱ्या जागेला आम्ही काय गुण देणार?” ते चिडून बोलत नव्हते. खरोखर विचारत होते. मग त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. “लेखी द्या. पण नियम सांगून ठेवतो. खोटा इशारा सिद्ध झाला तर सगळा संघ बाद. यादीतून दोघांची नावं जातील. तुमच्या भावाचा अकरावा क्रमांकही राहणार नाही.”

ताई पेन घेऊन बसली. पंखा खडखडत होता. पाण्याचा पेला तसाच भरलेला होता. बऱ्याच वेळाने तिने पेनाचं टोपण लावलं, मला उचललं आणि निघाली. तो कागदही कोराच राहिला. मला तिचा तेव्हा भयंकर राग आला. अजूनही येतो. आणि तिच्या जागी मी काय केलं असतं, हेही मला सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी कानातल्या यंत्रांवरची बंदी उठली. अंकांची पेटी भंगारात गेली, झोपलेल्या चारसकट. मला मात्र ताईने परत नेऊन दिलंच नव्हतं. तिच्या घराच्या गॅलरीत कठड्याची एक सळई तुटली आहे. तिथे तिने मला तारेने बांधून टाकलं आहे, तोंड रस्त्याकडे करून. रंग पोपडे होऊन सुटतो. कबुतरं बसतात, त्यांना बसायला पाटी काय आणि भिंत काय.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू म्हणतो, आम्हाला पुसा, रंगवा, अडगळीत टाकू नका. मला काही नको. गंजते आहे, गंजू द्या. पण उद्या तुम्ही कुणाला पहिला, कुणाला अकरावा ठरवायला बसलात, तर कागदावरून उठा आणि खाली जाऊन एकदा विचारा, त्याला समोरून काय दाखवलं होतं. आणि कुणाच्या हातात पाटी आली, तर ती सांभाळा. पत्रा नव्हे हो, तिच्यावर जे लावाल ते सांभाळा.

धाकटा आता पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो चालवतो. मनगट वाकडंच बसलं. ताईशी तो भांडत नाही, तिचं दुखलंखुपलं बघतो, तिला कधी उलटून बोलत नाही. कालच सकाळी तो निघाला, तेव्हा ताई गॅलरीतून वाकून म्हणाली, “धाकट्या, खालचा रस्ता खणलाय. वरून जा.”

“बरं, ताई,” तो म्हणाला आणि खालच्या रस्त्याने गेला.

पाच मिनिटांनी टेम्पो उलटा येताना दिसला. एवढी अरुंद गल्ली, पण सगळी मागे मागे घेत आणला त्याने, कुठे ओरखडा नाही. मग वरच्या रस्त्याने वळला. वर पाहिलं नाही. ताई माझ्या पत्र्यावर हात ठेवून उभी होती.