रिकामा टब

पनवेलच्या त्या मंगल कार्यालयात नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सारून प्लास्टिकचे बारा टब मांडले होते. प्रत्येक टबात कुणाचे तरी दोन पाय, मधे एक काळी डबी, डबीला वायर. बटण दाबलं की मिठाचं पाणी आधी पिवळं होई, मग चहासारखं, मग सुकलेल्या रक्तासारखं. सगळं सभागृह श्वास रोखून बघत होतं.

"ही बघा तुमची साखर!" उदयसिंह महाराज माइकवर गरजले. "डॉक्टर वर्षानुवर्षं अंगात साठवून ठेवतात ते विष! यंत्राने तळपायाच्या चार हजार छिद्रांतून खेचून काढलं! बोला, सुई पाहिजे का सुटका?"

"सुटका!" लोक ओरडले.

त्यांत माझी धाकटी बहीण गोदूही होती. पहिल्या रांगेत, हात जोडून.

सकाळीच तिच्या सुनेचा, प्राचीचा फोन आला होता. "मावशी, आईंनी तीन आठवडे इन्शुलिन घेतलं नाही. अंगठा काळा पडलाय. दवाखान्याचं नाव काढलं की मला घराबाहेर हो म्हणतात. तुम्हीच या."

मी गोदूशेजारी बसले. पायाचा वास आधी आला, मग अंगठा दिसला.

"गोदू, हे काय गं?"

"इष खाली उतरतंय, बाय. महाराज बोलले, काला पडला म्हंजे गुण येतोय."

बरं झालं तरी महाराजांमुळे, कुजलं तरी महाराजांमुळे. मी उठले आणि पैसे घेत होते त्या टेबलाशी जाऊन गोदूने भरलेल्या पैशांची पावती मागितली.

महाराज हसले. "माताजी, पावती ग्राहकाला देतात. इथे कुणी ग्राहक नाही. सगळे साधक आहेत."

ग्राहक या शब्दाबरोबर माझं आयुष्य गेलं आहे. वडील मिठागरात राबायचे, मीठ न्यायला येणाऱ्याला ते गिऱ्हाईक म्हणत. पुढे मी पनवेलच्या सहकारी भांडारात तीस वर्षं तराजूमागे उभी राहिले, तिथे पाटीवर 'ग्राहक' लिहिलेलं असे. आता विजेच्या बिलावर माझ्या नावाआधी माझा ग्राहक क्रमांक येतो. एखाद्याला फसवलं की लोक 'गिऱ्हाईक केलं' म्हणतात, तेही ऐकलंय. पण माझ्या लेखी ग्राहक म्हणजे आपट्याहून येणारी ती कातकरी बाई, शांती. पाव किलो डाळ घ्यायची, पण पारड्यात दाणा पडण्याआधी दटावायची, "रिकामा काटा दाव आदी." काटा मधोमध दिसल्याशिवाय पदर पुढे करायची नाही. मला तिचा राग येई. आज तिचे पाय धरावेसे वाटतात.

"बरं, मी साधक," मी म्हणाले. "मग रिकामा टब चालवून दाखवा. पायांशिवाय."

"यंत्राला देह लागतो! देहाशिवाय ते चालतच नाही!"

"नाही चाललं तर तुमचंच खरं होईल. घाबरता कशाला?"

एक जण उठून गेल्यावर पुढच्यासाठी नवं मीठपाणी भरून ठेवलेल्या टबाचं बटण मी दाबलं. सेवेकरी धावले, पण लोकांनाच बघायचं होतं.

"बाय, माज्या देवाला नको डिवचू!" गोदू रडत ओरडली. "मी बरी होतेय!"

पाच मिनिटं काही झालं नाही. महाराजांनी जयजयकार करवून घेतला. मग डबीतून एक पिवळी रेघ निघाली. पसरली. बघता बघता पाणी चहासारखं झालं.

मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, टबालाच डायबेटीस हाय!"

मोजकेच हसले. बाकीचे स्वतःच्या पायांकडे बघू लागले.

मी बटण बंद केलं, डबी उचलून उघडली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, खाऊन गेलेल्या. त्या घेऊन मी गोदूपुढे बसले.

"आपले बाबा मीठ ओढायला लाकडी फळी का वापरायचे गं? लोखंडी का नाही?"

तिने एका पट्टीवरून बोट फिरवलं. "खाऱ्या पान्यान लोखंड गंजतं," ती म्हणाली. मग अगदी हळू, "ह्यो गंज हाय."

गंजच होता. खाऱ्या पाण्यात लोखंड ठेवून वीज सोडली की आठवड्यांचा गंज मिनिटांत सुटतो. पाय असोत वा नसोत.

गोंधळात महाराज मागच्या दाराने गेले. आम्ही गोदूला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पाय बघून विचारलं, "तीन आठवडे आधी का नाही आणलं?" प्राची भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्यांनी गुडघ्याखाली पाय कापला.

ग्राहक मंचात तक्रार नोंदवायला गेलो तर तिथे आधी पावती विचारली. आमच्याकडे होता तो महाराजांचा फोटो.

जो मोबदला घेतो पण तुम्हाला ग्राहक म्हणू देत नाही, त्याच्यापासून सावध राहा. चमत्कार भरल्या टबात दाखवला तर तोच रिकाम्या टबात मागा. खरं औषध या परीक्षेला घाबरत नाही. आणि चालू असलेलं इन्शुलिन डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नका.

गेल्या महिन्यात उलव्यात तसेच टब मांडले गेले, महाराज दुसरे. गोदूने प्राचीला चाकाची खुर्ची काढायला लावली आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली. महाराजांनी टब पुढे सरकवला. "या माताजी, पाय ठेवा."

गोदूने साडी गुडघ्यापर्यंत वर केली.

"एकच हाय," ती म्हणाली. "आदी रिकामा चालवून दाव."